शिबाबाईंचा एकच अर्ज

बुलढाण्याला आमच्या ऑफिसात देवाला स्मरणपत्रं पाठवणारी एकच बाई होती, शिबाबाई साळवे. पूर्ण नाव अलीशिबा दानिएल साळवे, पण एवढं लांब नाव घ्यायला कोणाला वेळ होता! साहेबापासून झाडूवालीपर्यंत सगळे शिबाबाईच म्हणत. नोकरीभर त्या आवक-जावकच्या टेबलावर बसल्या. आलेल्या कागदावर गोल शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि कागद आणणाऱ्याच्या हातात पोच द्यायची. पोच घेतल्याशिवाय माणसाला हलू देत नसत. "घेऊन जा बाप्पा, नाईतर उद्या आमचेच लोक म्हणतीन की अर्ज आलाच नाई," असं साहेबाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायच्या.

स्मरणपत्राचं मी पहिल्यांदा ऐकलं ते डबा खाताना. आमच्या शिपायानं त्यांना विचारलं, "बाई, माह्या पोरीचं जमावं म्हणून तुमी प्रार्थना करणार होत्या, काय झालं?"

"पहिला अर्ज देला. परवा स्मरणपत्र बी देलं," शिबाबाई पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "तू चिखलीवाल्याइले पोरीचा फोटो नेऊन देला का?"

"नाई ना. येळच भेटला नाई."

"मंग देव काय तुह्या पोरीचा फोटो घेऊन एसटीनं फिरन का?"

सगळे हसले. मी नाही हसले. मी शेजारच्या आस्थापनेच्या टेबलावर, स्वभावानं फटकळ, आणि देवाधर्माच्या गप्पा मला कोणाच्याच सहन होत नसत. मी म्हटलं, "मग तुमचा देव करतो तरी काय? सगळं माणसानंच करायचं असेल तर प्रार्थना हवी कशाला?" त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी त्यांच्या डब्यातलं ठेच्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "कुसुमताई, प्रार्थना केल्याबिगर मले समजतच नाई का कोणाच्या दारी जायचं ते."

हे खरं होतं, कारण माझ्याही कामासाठी त्या एका दारी जाऊन आल्या होत्या. या टेबलावर येण्याआधी माझी नेमणूक देऊळगाव राजाला होती. घरी नवरा आजारी, आणि मी रोज पहाटे बस गाठायची, अंधार पडल्यावर परत. बदलीसाठी मी तीन अर्ज केले होते आणि तिन्ही कुठंतरी धूळ खात पडले होते. शिबाबाईंनी आठ दिवस प्रार्थना केली. नवव्या दिवशी माझ्या तिन्ही अर्जांच्या पोचा एका पाकिटात घालून मोठ्या साहेबांच्या दालनाबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. सकाळी बसल्या त्या साडेपाचला उठल्या, ते सही घेऊनच. नवऱ्याच्या शेवटच्या आठ महिन्यांत मी घराजवळ राहू शकले ती त्या सहीमुळे. तो गेल्यावर मी देवघरात दिवा लावत राहिले, पण देवाशी बोलणं सोडलं. शिबाबाईंना मी तसं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "नका बोलू. दिवा लावून राह्यल्या ना, बस झालं." पुढं कधी त्यांनी मला उपदेश केला नाही, आणि त्यासाठी मी त्यांना फार मानते.

त्यांचे यजमान दानिएलराव एसटीत ड्रायव्हर होते. उंच, काळेसावळे, खड्या आवाजाचे. रविवारी देवळात (ते लोक चर्चला देऊळच म्हणतात) भजनाला पहिला सूर त्यांचा. बुलढाणा–मेहकर गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली की वाटेवरच्या गावातली कुत्री त्यांच्या गाडीला भुंकत नसत, असं शिबाबाई सांगायच्या. मूलबाळ नव्हतं. दोघंच घरात, आणि बोलणं मात्र दहा माणसांचं.

दोघं निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी दानिएलरावांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, एका दुपारीत तिन्ही गेली. संभाजीनगरच्या दवाखान्यात पंचवीस दिवस काढले. नाकात नळी, डोळे अर्धवट उघडे. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, जेवढे दिवस आहेत तेवढे घरच्यांत राहू द्या. शिबाबाईंनी घरी आणलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. त्यांच्या चर्चच्या मंडळीचं कबरस्तान गावाबाहेर उतारावर आहे. हातभर मुरूम, आणि त्याखाली काळा दगड. सब्बल, छिन्नी, घण लावून एक कबर खोदायला दीड-दोन दिवस जातात. मंडळी लहान, त्यातली जवान पोरं पुण्या-नाशकाला नोकरीला गेलेली. खोदणारे उरले चार-पाच, तेही पन्नाशी-साठीचे. एकदा एका म्हाताऱ्या बाईची शवपेटी घेऊन माणसं उन्हात उभी आणि कबर कंबरेपर्यंतसुद्धा झालेली नाही, असं घडलं होतं. तेव्हापासून पंचांनी एक रीत पाडली. डॉक्टरनं "घरी न्या" म्हटलं की दोघातिघांनी गुपचूप जाऊन खोदायला लागायचं. घरच्यांना सांगायचं नाही. सगळ्यांना माहीत, कोणी बोलत नाही. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. उलट प्रेमच होतं, पण दगडाच्या गावातलं.

मला या रीतीचं काही ठाऊक नव्हतं. दानिएलरावांना भेटायला निघाले तेव्हा वाटेत उतारावर तीन माणसं घण मारताना दिसली. मी शिबाबाईंच्या घरी पोचले, पलंगाशेजारी बसले आणि बोलून गेले, "कोण गेलं हो तुमच्यातलं? कबरस्तानात खोदकाम चाललंय."

शिबाबाई दानिएलरावांचे ओठ ओल्या कापडानं पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला कळलं, की मी काय करून बसले. जीभ उपटून टाकावी असं वाटलं. मंडळीत दुसरं कोणीच आजारी नव्हतं.

त्यांनी शेजारच्या नसीमभाभीला हाक मारली, "भाभी, जरा यांच्यापाशी बस वो, मी आली," आणि पायात चप्पल घातली. मी मागे धावले. "शिबाबाई, ऐका, त्यांचं काही चुकलं नाही..." पण बाई ऐकून घेण्याच्या पलीकडे गेल्या होत्या.

कबरस्तानात सुधाकर पंच होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि दुसरे दोघं. खड्डा गुडघ्याच्या वर आला होता. शिबाबाईंना बघून तिघंही ताठ उभे राहिले.

"हा कोणाचा हाय, सुधाकर?"

सुधाकर पंचांनी हातातला घण खाली ठेवला.

"मी विचारून राह्यली."

"शिबाताई, खाली दगड लागते. दोन दिस जातात. डॉक्टर म्हणे..."

"डॉक्टरनं त्याचं मत लिहिलं. आदेश नाई काढला. माहा अर्ज वर गेला हाय, उत्तर अजून आलं नाई. त्याच्या आधीच तुमी फाईल बंद करून राह्यले? बुजवा."

"अवं ताई, आज बुजवलं अन् उद्या काही झालं तर?"

"तर उद्या मी सोता घण मारीन. आज बुजवा."

कोणी हलेना. तेव्हा त्यांनी पदर खोचला, बाजूचा फावडा उचलला आणि मुरूम खड्ड्यात लोटायला लागल्या. साठीला टेकलेली बाई. दोन-तीन फावड्यांतच धाप लागली, तरी थांबेनात. मला खरं सांगायचं तर त्यांचा राग आला होता. वाटलं, ही बाई वेडी झालीय, हिला कोणीतरी सत्य सांगायला पाहिजे, आणि फटकळ म्हणून ते काम माझंच आहे. पण तोंड उघडायच्या आतच सुधाकर पंचांनी त्यांच्या हातातून फावडा घेतला आणि तिघांनी मिळून खड्डा बुजवला.

शिबाबाई तिथंच एका दगडावर बसल्या होत्या. काम झाल्यावर म्हणाल्या, "तिघाइचे हात रिकामे झाले ना आता? उद्या सकाळी सातले घरी या. ह्यायले उचलून बसवा लागते अन् मले एकटीले झेपत नाई. पडून पडून पाठीले जखमा होऊन राह्यल्या."

आणि ती तिघं गेली! दुसऱ्या दिवशी सातला गेली, तिसऱ्या दिवशी गेली, मग पाळ्या लावून घेतल्या. ज्यांनी खड्डा खोदला त्याच माणसांनी दानिएलरावांना रोज सकाळी काखेत हात घालून उठवून बसवलं. महिन्याभरात नळी निघाली. सुधाकर पंचांना पहिले पंधरा दिवस दानिएलरावांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं, हे त्यांनीच मला मागाहून सांगितलं.

जिवावरचं टळलं, पण उजवा हात मेलेलाच होता आणि तोंडातून शब्द नाही. शिबाबाईंचा अर्ज आता एवढाच राहिला की या माणसानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पायानं स्वतःचं करावं. फिजिओथेरपीवाला मुलगा आठवड्यातून एकदा येई. बाकीचे सहा दिवस शिबाबाई. त्यांनी एक युक्ती काढली. जेवणाच्या टेबलावर परात उपडी घालायची, दानिएलरावांना खुर्चीत बसवायचं, दोन्ही हात परातीच्या काठावर ठेवायचे आणि आपण बाजूला कंडक्टर होऊन उभं राहायचं. "चला, बुलढाणा सुटलं!" की परात उजवीकडे फिरवायची. "हतेडी! उतरनारे कोणी?" की डावीकडे. उजवा हात घसरून पडे. त्या उचलून परत काठावर ठेवत. असं रोज मेहकरपर्यंत जायचं आणि परत यायचं. मी कधी गेले तर मला पॅसेंजर करून स्टुलावर बसवत. मला लाज वाटायची, पण बसायचे.

याच दिवसांत बाहेरगावचा एक प्रचारक आला होता, प्रार्थनेनं आजार बरे करणारा. कोट, टाय, मोठा आवाज. त्यानं दानिएलरावांच्या डोक्यावर हात ठेवला, घाम येईपर्यंत प्रार्थना केली आणि हात हलला नाही तेव्हा शिबाबाईंना म्हणाला, "बहिणी, तुझा विश्वास कमी पडतोय. औषध आणि व्यायाम म्हणजे अविश्वासाची लक्षणं आहेत. ते बंद कर."

शिबाबाई म्हणाल्या, "विश्वास मोजाची पट्टी कोणत्या दुकानात भेटते, भाऊ? मले बी सांगा, मी घेऊन येते." तो गडबडला. त्या उठून दाराशी गेल्या. "डोळ्याले चष्मा लावला तुमी. तो काढा आधी, मंग माह्या नवऱ्याचं औषध बंद करू." तो पाणीही न पिता गेला. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवूनच घरी आले.

पण त्या लोखंडाच्या होत्या असं कोणी समजू नये. एकदा दुपारी मी न सांगता गेले तर त्या मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरीमागं उभ्या राहून रडत होत्या, चादरीत तोंड खुपसून. मी तशीच मागं फिरले आणि साडेचारला परत गेले. तेव्हा तोंड धुऊन परात मांडून तयार! मला राहवलं नाही. म्हटलं, "मघा मी बघितलं. तुमचा तर एवढा विश्वास आहे, मग ते काय होतं?"

"विश्वास होता ना," त्या म्हणाल्या. "आशा संपली होती. चार वाजता परत आली."

"दोन्हीत फरक काय असतो?"

"अव माय, केवढा फरक! देव हाय, अन् माहा अर्ज त्याच्यापाशी पोचला, हा विश्वास. त्याच्यात मले काहीच करा लागत नाई. आशा मातर रोज सकाळी उठून नव्यानं करा लागते, भाकरीवाणी. कालची चालत नाई. अन् एखांद्या दिवशी पीठच संपते, काय करता?"

माझ्या नवऱ्याच्या वेळी माझ्याकडचं पीठ संपलं ते संपलंच होतं. त्या दिवशी मला शिबाबाईंचा हेवा वाटला, आणि दानिएलराव जिवंत आहेत याचाही वाटला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटला होता.

सातव्या-आठव्या महिन्यात एका संध्याकाळी गाडी नेहमीप्रमाणे निघाली होती. शिबाबाई दमलेल्या होत्या. "बुलढाणा सुटलं... हतेडी... चला, चिखली आली, उतरा!" दानिएलराव परात फिरवेनात. त्यांची मान हलायला लागली, चेहरा लाल झाला. आम्हाला वाटलं परत झटका आला. शिबाबाईंनी त्यांचे खांदे धरले. आणि त्या माणसाच्या घशातून फाटलेला आवाज आला, "के... केळवद!"

मधलं केळवद राहून गेलं होतं. इतकी वर्षं तिथं गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरला ते सहन झालं नाही. शिबाबाई हसत होत्या आणि डोळे गळत होते. "चुकलं माहं, चुकलं! गाडी मागं घ्या!" नसीमभाभी पळत आली. मीही रडले. त्यानंतर शब्द येत गेले, एकेक, कष्टानं. काठी घेऊन चार पावलं आली. उजव्या हातानं पेला धरता यायला लागला, पण स्वतः उठून काही करायचं म्हटलं की दानिएलराव शिबाबाईंकडे बघायचे, आणि त्या उठायच्या. तेवढं राहिलं होतं.

आणि मग शिबाबाईंचं पोट दुखायला लागलं. बाईंनी अंगावर काढलं, आणि आम्ही संभाजीनगरला गेलो तोवर पोटातली गाठ यकृतात पसरली होती. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले. परतीच्या बसमध्ये मी भडकले होते, डॉक्टरांवर, त्यांच्यावर, सगळ्यांवर. म्हटलं, "आता करा अर्ज! लावा स्मरणपत्रं! त्यांच्यासाठी कबर बुजवली, मग स्वतःसाठी का गप्प बसलात?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "माहा एक अर्ज चालू हाय ना अजून. ह्यायचं ह्यायनं सोता करावं म्हणून. एका टायमाले दोन अर्ज लावले का दोन्हीले उशीर होते, कुसुमताई. मले तेवढा टाईम नाई."

"आणि तुमचं काय?"

"माहं मले माहीत हाय. मी कुठं चालली ते बी माहीत हाय, अन् तठी कोण भेटन ते बी. ते ठरलेलं हाय, त्याच्यासाठी अर्ज कायले? ह्यायचं मातर ठरलेलं नाई." मग माझ्या मांडीवर थापटून म्हणाल्या, "रडू नका वो, बसमधले लोक पाहून राह्यले."

घरी आल्यावर त्यांनी सुधाकर पंचांना बोलावून घेतलं. "माहा खोदाले लागा. दगड हाय, टाईम लागते, अन् तुमचं बी वय झालं. ह्या येळेले मी काही म्हणत नाई." सुधाकर पंच लहान मुलासारखे हुंदके देत ओसरीवर बसले. शिबाबाईंनी त्यांना उठवून दानिएलरावांच्या समोर बसवलं. "रडू नंतर. ह्यायले शर्टाचे बटन लावाले शिकवा. मी लावून देते म्हणून हे शिकतच नाईत."

शेवटचे दोन महिने त्या घरात मी असा निर्दय कारभार पाहिला की काय सांगू! दानिएलराव काठी मागत, त्या देत नसत. काठी कोपऱ्यात, घ्या उठून. गोळ्या डबीत, काढा. दानिएलराव चिडायचे, एकदा डबी फेकली. गोळ्या सगळ्या घरभर. शिबाबाई पलंगावर पडल्या पडल्या म्हणाल्या, "वेचा." अर्धा तास लागला, पण वेचल्या. मंडळीतल्या बाया कुजबुजायला लागल्या की मरताना बाई नवऱ्याचा छळ करतेय. मी एकीला दारातच ऐकवलं की घरी जाऊन आपल्या नवऱ्याला विचार, तुझ्यामागं त्याला साधी खिचडी लावता येईल का. ती परत आली नाही.

मी त्यांना शेवटची पाहिली ती एका सकाळी. पलंग स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवून घेतला होता. अंगात काही उरलं नव्हतं, आवाज तेवढा शाबूत. मी शेजारी बसले, तशा त्या आतल्या बाजूला तोंड करून म्हणाल्या, "ऐकलं का? कुसुमताई आल्या. चहा ठेवा."

दानिएलराव खुर्चीतून उठले. कोणाकडे बघितलं नाही. भिंतीला हात लावत ओट्याशी गेले. पातेलं काढलं, पाणी घेतलं. लायटर उजव्या हातात धरला आणि तो दोनदा सटकला. तिसऱ्यांदा गॅस पेटला. मग चहाची भुकटी सांडल्याचा आवाज आला आणि भांड्यावर भांडं आपटलं. मी उठायला गेले. शिबाबाईंनी माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "बसा," त्या म्हणाल्या. "त्यायले करू द्या."

आतून दानिएलरावांनी विचारलं, "ताई... साखर... किती?" एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून आजारानंतर कधी ऐकलं नव्हतं.

"एकच चमचा," मी म्हटलं.

दोन्ही हातांत एकच कप धरून ते दारात आले, पाय ओढत, चहा हिंदकळत बशीत, बशीतून फरशीवर. वाटेत दोनदा थांबले. पहिला कप त्यांनी बायकोला दिला. मी त्यांचं डोकं उचलून धरलं. शिबाबाईंनी एक घोट घेतला. तेवढाच त्यांना जात होता. तोंडात फिरवून गिळला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "गोड जास्त झाला. उद्या साखर कमी टाकजा."

दानिएलरावांनी मान हलवली आणि माझा कप आणायला आत गेले.